पाडव्याला आणलेले कार्ड

डिंडोलीतील आमच्या घराच्या गच्चीवरून रेल्वेचे रूळ दिसतात. उधना जंक्शनपासून फुटून ही वाट नंदुरबार, अमळनेर करीत जळगावकडे जाते. ह्याच वाटेने खानदेशातली हजारो कुटुंबे पोटासाठी सुरतेस आली, आणि त्यांतच आमचेही एक आले. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात आम्ही सारेच आप्पा म्हणतो, ते १९७८ साली अमळनेर तालुक्यातून एक वळकटी घेऊन उतरले आणि यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरण्यापासून आरंभ करून जॉबर झाले. त्यांच्या मिळकतीवर माझे शिक्षण झाले. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत मास्तर झालो आणि तेथूनच निवृत्त झालो. आप्पांचे कान मागांच्या खडखडाटाने कायमचे गेले. माझे शाबूत राहिले, ते त्यांच्यामुळे.

आमचे चिरंजीव मात्र मागावर बसले नाहीत आणि फळ्यापुढेही उभे राहिले नाहीत. ते साड्यांची नक्षी काढतात. पदर, काठ, बुट्टी हे सारे त्यांच्या संगणकावर जन्मते आणि मग पांडेसऱ्याच्या बाजूला एखाद्या छपाईगिरणीत कापडावर उतरते. पूर्वी नक्षी काढून दिली की काम संपत असे. अलीकडे रिंगरोडवरील व्यापारी एवढ्यावर समाधान मानीत नाहीत. कापड अजून छापलेदेखील नसते, तोच त्यांना ती साडी नेसवलेली, निऱ्या पडलेल्या, पदर वाऱ्यावर हललेला, अशी चित्रे हवी असतात. दूरगावच्या दुकानदारांना ती चित्रे फोनवर दाखवून मागणी गोळा करायची आणि मग कापड छापायचे, असा हा उफराटा व्यवहार. अशी चित्रे काढायला संगणकात दमदार ग्राफिक्स कार्ड लागते. चिरंजीवांजवळचे कार्ड जुने होते. एका निरीच्या चित्राला ते चाळीस मिनिटे घेई.

येथे थोडे विषयांतर करतो. संगणक ही वस्तू विणकराच्या घरात परकी आहे, असे मला पूर्वी वाटे. वाचनात पुढे असे आले, की फ्रान्समधील लियाँ शहरातल्या जाकार नावाच्या गृहस्थाने १८०४ च्या सुमारास पुठ्ठ्याची भोके पाडलेली कार्डे मागावर चढवली. कोणता धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे भोकांनी ठरू लागले. त्याच कार्डांवरून इंग्लंडात चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्रात तशीच कार्डे वापरण्याची कल्पना सुचली. जाकारचे रेशमात विणलेले एक चित्र होते, त्याला सुमारे चोवीस हजार कार्डे लागली होती, आणि त्याची एक प्रत बॅबेजने आपल्या घरी ठेवली होती. सुरतेच्या कारखान्यांत ज्याला आपण जेकार्ड म्हणतो, ते हेच नाव. मी हे आप्पांना मोठ्याने ओरडून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे पोरगं मागावरच बसलंय की!’ ग्राफिक्स कार्डाचे कामही एका अर्थी मागासारखेच चालते. पडद्यावरील लाखो ठिपक्यांचा हिशेब ते एकामागून एक करीत नाही, शेकडो हातांनी एकाच वेळी करते. सगळे धोटे एका ठेक्यात फेकावेत तसे.

तर नवे कार्ड घ्यायचे ठरले. अठ्ठावीस हजार रुपये किंमत. काही चिरंजीवांचे, काही सौभाग्यवतींच्या भिशीचे, राहिलेले हप्त्याने. मुहूर्त पाडव्याचा, म्हणजे ३० मार्च २०२५ चा. गुढी उभारून झाल्यावर चिरंजीव दुकानात गेले आणि दुपारी खोका घेऊन आले. सौ.ने त्यावर हळदकुंकू वाहिले. आप्पांनी नारळ फोडताना पाण्याचा शिंतोडा यंत्रावर उडणार नाही, अशा बेताने तो दाराबाहेर नेऊन फोडला. जॉबरचा हात तो, यंत्राची काळजी त्याला शिकवावी लागत नाही.

पहिल्या संध्याकाळी सारे ठीक चालले. चाळीस मिनिटांचे चित्र पाच मिनिटांत निघाले. दुसऱ्या दिवशी रात्री चित्र सुरू केले मात्र, पडदा काळा झाला, पंखे थांबले, आणि क्षणभराने संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. जणू कोणी मागचे बटन बंद करून लगेच चालू केले. मग हे रोजचेच झाले. कधी दिवसातून दोनदा, कधी तासात चारदा. पत्रे लिहिताना, नक्षी काढताना तक्रार नाही. साडी नेसवायला घेतली, की यंत्राने मान टाकलीच. आखाजी ३० एप्रिलची होती. एका व्यापाऱ्याला लग्नसराईच्या साठ साड्यांची चित्रे त्याआधी हवी होती आणि त्याच पैशातून पहिला हप्ता जायचा होता. आठवडाभरात चिरंजीवांचे जेवण कमी झाले. भिशीचे नाव घरात कोणी काढीनासे झाले.

चिरंजीवांनी शोध कसा घेतला ते सांगण्यासारखे आहे. मुलगा माझा असला तरी त्यात मला त्याची शिस्त दिसली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदलले ते वहीत लिहायचे, असा त्याने नेम केला. आरंभी संशय ड्रायव्हरवर. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यामधला दुभाषी. जुन्या कार्डाचा दुभाषी मागे रेंगाळत राहिला तर नव्याच्या बोलण्यात घोळ होतो. म्हणून संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून त्याने जुने ड्रायव्हर मुळापासून पुसले आणि नवे घातले. फरक नाही.

मग त्याने विंडोजची नोंदवही उघडली. संगणक आपल्या पडझडीची नोंद ठेवतो हे मला ठाऊक नव्हते. तीत प्रत्येक वेळी एकच वाक्य: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. मला वाटले, सापडला चोर! चिरंजीव म्हणाले, ‘नाही नाना, ह्याचा अर्थ एवढाच, की मागच्या खेपेला संगणक रीतसर बंद झाला नव्हता. मेला एवढे लिहिले आहे, कशाने मेला ते नाही.’ दवाखान्यातून मृत्यूचा दाखला मिळावा आणि कारणाच्या रकान्यात हृदय थांबले एवढेच असावे, तसे ते.

त्याने आणखी एक युक्ती केली. चूक झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सवय संगणकाला असते, ती त्याने मोडली. आतली आज्ञावली गोंधळली, तर पडद्यावर निळे पान येते आणि त्यावर काही खूण सापडते. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही, तर विंडोज त्याला स्वतःहून हलवून जागे करते. व्हिस्टापासूनची ती व्यवस्था आहे, आणि तसे घडले तर तीही नोंद राहते. आमच्याकडे निळे पान कधी आलेच नाही. थेट अंधार. त्या अंधारातच उत्तर होते, परंतु ते आम्हांला तेव्हा वाचता आले नाही.

एप्रिल महिना, सुरतेचा उकाडा, म्हणून संशय उष्णतेवर गेला. कॅबिनेटची बाजू उघडली. आत कापसाच्या लोटासारखी धूळ, कारण शेजारी अजून दोन यंत्रमाग चालतात. ब्लोअरने सारे स्वच्छ केले, समोर उभा पंखा लावला. कार्डाचे तापमान सत्तर अंशांच्या वर जाईना, आणि यंत्र तरी पडेच. स्मरणशक्तीच्या पट्ट्या काढून, पुसून, एकेक करून बसवल्या, रात्रभर त्यांची परीक्षा चालवली. निर्दोष. यूपीएसवर ओझे होत असेल म्हणून तो मधून काढला आणि तार थेट भिंतीला जोडली. तेच. मग उरले काय? कार्ड. नवे कार्डच सदोष, असा निर्णय मी दिला. ‘मी’ म्हणतो, कारण चिरंजीव गप्प होते. त्यांच्या गप्प राहण्याचे कारण मला पुढे कळले.

मी स्वतः दुकानात गेलो. जिथून कार्ड आणले, तिथे गल्ल्याजवळ एक तरुण काम करतो. तो माझा विद्यार्थी. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता. अक्षर मोत्यासारखे, घरची परिस्थिती बेताची. मला पाहताच तो उठून उभा राहिला. मी त्याला बसूही दिले नाही. दुकानात चार गिऱ्हाइके होती, मालक होते. त्या सर्वांदेखत मी म्हणालो, ‘ओळखीच्या माणसाला खराब माल बांधून दिलास! हेच शिकवले का मी तुला?’ तो काही बोलला नाही. कार्ड घेऊन या, आम्ही तपासून बघू, एवढेच म्हणाला. मी तणतणत बाहेर पडलो. वर्गात मी त्याला एकदाही हात लावला नव्हता. त्या दिवशी मात्र मी त्याला मारले, असे आज म्हणावे लागते.

घरी आलो तो आप्पा माडीवर खुर्ची टाकून बसलेले. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून ते बघतात. यंत्राकडे टक लावून बघायची त्यांची चाळीस वर्षांची सवय. चिरंजीवांनी चित्र सुरू केले, संगणक पडला. पुन्हा सुरू केले, तीन मिनिटे चालला, नवे चित्र घेताच पडला. असे सहा-सात वेळा झाले. मग आप्पा आमच्या अहिराणीत म्हणाले, ‘मांग चांगला शे. येले वीज पुरत नही.’ माग चांगला आहे, त्याला वीज पुरत नाही.

मी म्हणालो, भिंतीत वीज भरपूर आहे, पंखे फिरताहेत, दिवे मंद होत नाहीत. त्यांनी हातानेच मला थांबवले. कारखान्यात वीज जाऊन परत आली, की सगळे माग एकदम चालू करायचे नाहीत, असा त्यांचा दंडक असे. फिरत असलेली मोटर जेवढी वीज खाते, त्याच्या पाचसहापट उभी असलेली मोटर उठताना ओढते. सगळ्या एकदम उठल्या तर फ्यूज उडतो. मागात दोष असता, तर तो चालता चालता केव्हाही अडला असता, धागा तुटला असता, कापडात डाग पडला असता. ‘हे उठतानाच पडतं. तापलेलं यंत्र उशिरा पडतं, उपाशी यंत्र उठतानाच पडतं.’ असे ते म्हणाले आणि खाली चहा प्यायला गेले.

चिरंजीव उठले, कॅबिनेटची बाजू काढली आणि तळाशी असलेल्या लोखंडी डब्यावर विजेरीचा झोत टाकला. त्याला दुकानातून एसएमपीएस म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज आत घेऊन तिची बारा, पाच आणि ३.३ व्होल्टची शांत वीज करून देणारा हा डबा. वरच्या बाजूला ठळक अक्षरांत ४५० वॅट. खालच्या कोष्टकात बारीक अक्षरांत: बारा व्होल्टच्या वाटेवर अठरा अँपिअर. आता बाराने अठराला गुणा. २१६! कार्ड आणि प्रोसेसर दोघेही खातात ते बहुतांशी बारा व्होल्टच्याच ताटातले. उरलेले वॅट कोठे तरी दुसऱ्या वाटांवर, ज्यांचे आम्हांला काम नाही. साडेचारशेच्या पाटीखाली सव्वादोनशेही नाही.

मी कागद घेतला आणि चिरंजीवांनी आकडे सांगितले. जुने कार्ड ७५ वॅटचे. तेवढे त्याला ज्या खाचेत ते बसते तिथूनच मिळे, वेगळी तार लागत नसे. प्रोसेसर जोरात असता ९० वॅट. पंखे, तबकडी वगैरे २०. बेरीज १८५. भागत होते. नवे कार्ड १७० वॅटचे. खाच देणार फार तर ७५, बाकी वेगळ्या आठ पिनांच्या तारेने. बेरीज २८०, आणि शिवाय अशी कार्डे काही सहस्रांश सेकंद आपल्या पाटीवरच्या आकड्याहून कितीतरी जास्त ओढतात. ह्या उसळ्या पचवण्यासाठी २०२२ साली डब्यांचे नवे प्रमाण निघाले, एटीएक्स ३.०, त्यात क्षणमात्र दुपटीचा भार सोसण्याची अट आहे. आमचा डबा त्याच्याही आधीचा, सहा उन्हाळे भाजलेला. त्याला आठ पिनांची तारच नव्हती. जुन्या चार पिनांच्या दोन जोडण्या एकत्र करणारा एक तुकडा मध्ये लावून काम भागवले होते. तो तुकडा मी हाताला लावून पाहिला, कोमट होता.

तरीही चिरंजीवांनी लगेच मान्य केले नाही, आणि ते मला आवडले. पुरावा हवा म्हणाले. कार्डाला किती वीज खाऊ द्यायची याचा लगाम आज्ञावलीतून खेचता येतो. त्यांनी तो शंभर वॅटवर आणला. बेरीज २१०, म्हणजे अगदी काठाशी. चित्र सुरू केले. पाचऐवजी आठ मिनिटे लागली. दुसरे, तिसरे. रात्री अकरा वाजले, साडेबारा वाजले. संगणक पडला नाही. पहाटे रुळांवरून मालगाडी गेली, तेव्हा मी उठून पाहिले, तो पंखे शांतपणे फिरत होते आणि वहीत अकरा आकडे लिहिलेले होते. चिरंजीव खुर्चीतच झोपले होते.

सकाळी त्यांनी मला बिल दाखवले. पाडव्याच्या दिवसाचे. पालथे केले. मागे निळ्या शाईत, जे अक्षर मी सात वर्षे वळवले त्या अक्षरात, लिहिले होते: ‘एसएमपीएस जुना आहे. किमान ५५० वॅटचा घेणे आवश्यक. ग्राहकास सांगितले.’

‘तू मला सांगितले का नाहीस?’

‘सांगितले होते नाना. पाडव्याच्या दिवशी, जेवताना. आणखी चार हजार लागतील म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, डबा चालतोय ना, मग दुकानदार काय, सांगतच असतात.’

मला ते आठवेना. सौ.ने ताटे उचलता उचलता मान हलवली, तेव्हा आठवले. श्रीखंडाची वाटी पुढे ओढताना मी ते बोललो होतो. आणि मुलगा नंतर गप्प राहिला तो एवढ्याचसाठी, की बापाच्या तोंडचा शब्द बापालाच दाखवावा लागू नये. स्वतःलाही त्याने पटवले होते, की डबा चालेलच. अठ्ठावीस हजारांच्या पुढे चार हजार मागण्याचे धैर्य त्याला दुसऱ्यांदा झाले नाही. दुकानात मी तणतणून आलो, त्या रात्री तो जेवला नव्हता, हे सौ.ने मला नंतर सांगितले.

दुपारी उन्हातच निघालो. जाताना बिल खिशात ठेवले. दुकानात गिऱ्हाईक नसेल अशी वेळ साधावी, असा विचार मनात आला होता. परंतु बोललो ते चारचौघांत, तेव्हा हेही चारचौघांतच व्हायला हवे, म्हणून पाच वाजेपर्यंत रस्त्यापलीकडे रसवंतीत बसून राहिलो. दुकान भरले तेव्हा आत गेलो. तो पुन्हा उठून उभा राहिला. मी बिल पालथे करून काचेवर ठेवले आणि मालकांना म्हणालो, ‘परवा मी ह्याला बोललो. ह्याने लिहून दिले होते, चूक माझ्या घरची होती.’ मालक गुजराती सज्जन. ‘होय छे, मास्तर, चालशे,’ म्हणाले आणि फोनकडे वळले. तो मात्र कानापर्यंत लाल झाला आणि कपाटात काहीतरी शोधू लागला.

मग त्याने दोन डबे काढून माझ्या एकेका हातात दिले. ‘कोणता जड लागतो, सर?’ उजव्या हातातला पुष्कळ जड होता. आतली गुंडाळी आणि तांबे खरे असले की वजन येते, असे त्याने सांगितले, पण नुसत्या वजनावर जाऊ नये, कोष्टक वाचावे, हेही सांगितले. जड डबा ५५० वॅटचा. कोष्टकात बारा व्होल्टवर पंचेचाळीस अँपिअर. मी तोंडीच गुणले, ५४०, आणि तो हसला. त्याच्या वर्गात पाढे मी असेच म्हणवून घेत असे. बेचाळीसशे रुपये झाले. मधला जोडतुकडा पुन्हा वापरू नका, कार्डाची तार ह्याच डब्याची लावा आणि दुसऱ्या डब्याची तार, पिना जुळल्या तरी, ह्यात कधी घालू नका, असे त्याने दोनदा बजावले. मी ते बिलाच्या मागे लिहून देण्यास सांगितले. त्याने लिहून दिले.

चित्रे २७ एप्रिलला गेली. साठांपैकी व्यापाऱ्याने चार परत पाठवली, काठाचा रंग त्याला पसंत नव्हता, तेवढी पुन्हा केली. आखाजीला मुली माहेरी आल्या, अंगणात झोका बांधला, पुरणपोळ्या आणि आमरस झाला. जुना डबा आप्पांनी मागून घेतला. आत काय असते ते त्यांना पाहायचे होते. पान्हा घेऊन बसलेही होते, तेवढ्यात चिरंजीवांनी धावत येऊन तो हातातून काढून घेतला. तार काढली तरी आतल्या कपॅसिटरांत वीज साठून राहते आणि ती जोराचा झटका देते, म्हणून तो घरी उघडायचा नसतो. आप्पांना हे ओरडून सांगावे लागले. ते थोडे रुसले. भंगारवाला त्याचे चाळीस रुपये देतो म्हणाला, पण आप्पांनी तो विकू दिला नाही. पोटमाळ्यावर त्यांच्या जुन्या धोट्याशेजारी तो अजून पडून आहे.